वाडगा आणि धोटा

गेल्या पावसाळ्यात माझी एक माजी विद्यार्थिनी मला मिहानकडे जेवायला घेऊन गेली. मराठीत एम. ए. झाल्यावर तिने चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले, सेटची परीक्षा उत्तीर्ण केली, जागा निघण्याची वाट पाहिली आणि अखेर मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी धरली. वर्धा मार्गावर खापरीच्या बाजूला तिच्यासारख्या नोकरदार मुलामुलींसाठी जी उपाहारगृहे निघाली आहेत, त्यांपैकी एकात आम्ही बसलो. मुख्य पदार्थ एकच, रामेन. त्याचे सात-आठ प्रकार. बसायला पाठ नसलेली लाकडी बाके आणि भिंती मात्र चित्रांनी भरलेल्या. समोर होकुसाईची ती प्रसिद्ध लाट छतापर्यंत उसळलेली, डावीकडे कागदी कंदील, उजवीकडे चेरीचा मोहोर.

वाडगे आले. तिने वरचा तांबूस तेलाचा थर चमच्याने जरा बाजूला सारला आणि म्हणाली, “सर, ही तर आपली तर्रीच.”

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की रश्शावर तरंगणाऱ्या लाल, तिखट तेलाला आम्ही तर्री म्हणतो. पोह्यांवरही ती ओतून घेतो. विद्यार्थिनीचा या विषयातला अधिकार मोठा आहे. ती तांडापेठेतल्या कोष्टी घरातली. तिचे आजोबा हातमागावर लुगडी विणत. माग बंद पडल्यावर आजीने घराच्या पुढच्या खोलीत सावजी खाणावळ चालवली आणि त्यावर तीन मुले शिकली. आता तिचा चुलतभाऊ मिहानच्याच परिसरात नव्या पद्धतीचे सावजी हॉटेल काढतो आहे. त्याच्या सजावटकाराने भिंतींवर विणकरी जीवनाची चित्रे काढायचे ठरवले असून मधोमध टांगायला एक खराखुरा धोटा मागितला आहे. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, दोन्ही टोकांना निमुळता असा हा लाकडी धोटा. आजोबांचा शेवटचा धोटा आजीने देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलेला आहे. आजी द्यायला तयार नाही. “सर, तुम्ही सांगा,” ती म्हणाली, “द्यावा का?”

मला तिथे उत्तर देता आले नाही. साहित्याच्या शिक्षकाला प्रतीकांविषयी बोलायची सवय असते. प्रतीक कुणाच्या घरातून उचलून आणायचे, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. समोरच्या भिंतीकडे आणि समोरच्या वाडग्याकडे पाहता पाहता मनात जे सुरू झाले, ते इथे मांडतो आहे.

प्रथम भिंत. कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याने कानागावाच्या समुद्रातली ही लाट १८३१च्या सुमारास, फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेत चितारली. आज ती जपानच्या सनातन आत्म्याची खूण म्हणून जगभर मिरवते. परंतु या चित्राचे मूळ रूप पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. लाटेचा तो गडद निळा रंग बराचसा प्रशियन निळा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला हा कृत्रिम रंग परदेशी व्यापारातून जपानला पोहोचला होता. म्हणजे ज्या निळ्याला आपण अस्सल जपानी समजतो, तो आयात मालातला आहे. दुसरी गोष्ट अशी, की हे एकमेव, अमूल्य असे चित्र नव्हतेच. लाकडी ठशांवरून त्याच्या हजारो प्रती काढल्या गेल्या आणि अशी एक प्रत तेव्हाच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एक-दोन वाडगे सोब्याच्या किमतीत मिळे. सोबा म्हणजे जपानी कुट्टूच्या पिठाच्या शेवया. चित्र आणि शेवया ही दोन्ही शहरातल्या सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी चीज होती. आपल्याकडे राजा रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ आणले आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचवली. पुढे त्यांचीच वंशज असलेली दिनदर्शिकेवरची चित्रे प्रत्येक खाणावळीच्या गल्ल्यामागे लागली. होकुसाईची लाट त्या जातकुळीतली आहे. खाणावळीच्या भिंतीवर ती लागली यात वावगे काहीच नाही. गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. ती लाट आणि हा वाडगा एकाच काळातले, एकाच मातीतले आहेत, असे ती भिंत सुचवते. होकुसाईने सोबा खाल्ला असेल. रामेन त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते.

कारण रामेन हा जपानमध्ये उपरा पदार्थ आहे. १८५९मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. तिथे चिनी वस्ती वाढली आणि तिच्याबरोबर गव्हाच्या पिठाच्या शेवया व मांसाच्या रश्शाची पद्धत आली. १९१०मध्ये योकोहामाच्या सीमाशुल्क खात्यात नोकरी केलेल्या ओझाकी कान्इची यांनी टोकियोच्या असाकुसा भागात ‘राइराइकेन’ नावाचे दुकान काढले आणि योकोहामातून चिनी आचारी आणले. जपानी गिऱ्हाइकांसाठी चाललेल्या पहिल्या रामेनगृहांत त्याची गणना होते. तेव्हा पदार्थाचे नाव ‘शिना सोबा’ होते, म्हणजे ‘चिनी शेवया’. ‘शिना’ या शब्दाला साम्राज्यवादी जपानच्या तोंडी तुच्छतेचा वास होता. युद्धात पराभव झाल्यावर तो शब्द मागे पडला आणि त्याच पदार्थाला ‘चुका सोबा’ म्हणू लागले. अर्थ पुन्हा चिनीच, पण शब्द सभ्य. ‘रामेन’ हे नाव सर्वतोमुखी झाले ते १९५८नंतर. एका पदार्थाची ही तीन नावे म्हणजे साम्राज्य, पराभव आणि बाजारपेठ यांचे तीन टप्पे होत. शब्दार्थाच्या बदलाचे वर्ग घेताना आपण ‘महाराज’, ‘बुवा’ या शब्दांची उदाहरणे देतो. वाडग्यातले हे उदाहरणही द्यायला हरकत नाही.

त्या शेवयांचा पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो क्षारयुक्त पाण्यामुळे. त्याला जपानीत ‘कान्सुइ’ म्हणतात. आपल्या पापडखाराचा तो भाऊबंद समजावा. शेवया तर आपल्यालाही परक्या नाहीत. वैदर्भीय घरांत उन्हाळ्यात पाटावर शेवया वळल्या जात, खाटेवर धोतर पसरून वाळवल्या जात. पातळ काडीवर गुंडाळलेली सरगुंडे आमरसात बुडवून खाल्ली जात. पण आपल्याकडे गहू ही सणासुदीची वस्तू होती, रोजचे जेवण ज्वारीच्या भाकरीचे. गव्हाच्या शेवया श्रमिकाचे रोजचे जेवण कशा झाल्या, हा रामेनच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळत नाही. कारखान्यात आणि गोदीत मिळते.

इथे नागपूरचा संबंध येतो. नागपूरकरांना जपान परका नाही, पण तो आम्हाला ठाऊक आहे धर्माच्या वाटेने. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा मंत्र पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला. १९६०च्या दशकात भारतात आलेल्या भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी नागपूर हीच कर्मभूमी मानली. १९९९मध्ये जपानी साहाय्याने कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेम्पल उभे राहिले. दीक्षाभूमीच्या शहराला जपानची ही ओळख स्वाभाविकच जवळची वाटते. तिच्याआधीची आणि तिच्याहून रुक्ष अशी एक वाट मात्र आपण विसरलो आहोत. ती वाट कापसाची आहे.

१८६७मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंदराशी जोडला गेला. या कापसाला व्यापारी जगात ‘ऊमरा’ म्हणत. अमरावतीच्या जुन्या इंग्रजी उच्चारावरून पडलेले हे नाव. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले गेले त्या दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. सहा वर्षांनी, १८८३मध्ये, शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने उभारलेली ओसाकाची मोठी सूतगिरणी चालू झाली. या जपानी गिरण्यांना स्वस्त, आखूड धाग्याचा कापूस हवा होता आणि तो हिंदुस्थानात होता. पण मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालाचे भाडे ब्रिटिश जहाजकंपनी आणि तिचे जोडीदार ठरवत. १८९३मध्ये टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन काइशा या कंपनीशी हातमिळवणी केली आणि कोबे ते मुंबई अशी जपानी जहाजसेवा सुरू झाली. तिचा मुख्य माल होता कापूस. पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला होता.

आता ओसाकाकडे पाहू. तिथे हा कापूस कातत होत्या खेड्यांतून करारावर आणलेल्या मुली. हॉसोइ वाकिझो हा स्वतः गिरणीत राबलेला लेखक; त्याने १९२५मध्ये ‘जोको आइशी’ या ग्रंथात या मुलींच्या कोंडवाड्यासारख्या वसतिगृहांचे, रात्रपाळ्यांचे आणि क्षयरोगाचे वर्णन केले आणि त्याच वर्षी तोही गेला. त्या मुलींच्या पानात रामेन पडत होते असे नव्हे. त्यांना बाहेर जायचीही मुभा क्वचितच मिळे. पण त्यांच्या कष्टावर जी औद्योगिक शहरे वाढली, त्यांच्या रस्त्यांवर रात्री सनईसारखे एक वाद्य वाजवत शिना सोब्याच्या हातगाड्या फिरू लागल्या. मजूर, विद्यार्थी, पाळी संपवून परतणारे कामगार हे तिचे गिऱ्हाईक. गरम, खारट, स्निग्ध, पोटभरीचे आणि उभ्या उभ्या संपवता येईल असे ते जेवण होते. रामेनला राष्ट्रीय पदार्थाचा मान मिळण्यापूर्वी तो असा कारखान्याच्या भोंग्याशी बांधलेला होता.

त्याच धाग्याच्या दुसऱ्या टोकाला नागपूरचा कोष्टी उभा होता. आधी त्याच्या पोटावर गिरणीच्या कापडाने पाय दिला, मँचेस्टरच्या आणि देशीही. १९२९नंतर त्यात स्वस्त जपानी कापडाची भर पडली. तो लोंढा इतका वाढला, की सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरचे आयातशुल्क १९३३मध्ये ७५ टक्क्यांपर्यंत नेले. उत्तरादाखल जपानने हिंदी कापसावर बहिष्कार घातला आणि कापसाचे भाव आणखी ढासळण्याची भीती निर्माण झाली. अखेर १९३४च्या करारात, जपान जितका कापूस उचलेल त्या प्रमाणात त्याचे कापड इथे येऊ दिले जाईल, असे ठरले. थोडक्यात, वऱ्हाडातला शेतकरी आणि नागपुरातला विणकर यांचे हित एकमेकांविरुद्ध तोलले गेले. कापूस विकला जावा म्हणून कापड येऊ द्यायचे, आणि कापड आले की मागाचा खटका मंदावायचा. हातमागाच्या ऱ्हासाला जपान हे एकटे कारण खचित नव्हते. पण तेही एक कारण होते आणि ते आपल्या स्थानिक इतिहासातून जवळजवळ पुसले गेले आहे.

सावजी खाणावळींचा जन्म या ऱ्हासाच्या छायेतला आहे. हलबा कोष्टी घरांत मटणाचा जो झणझणीत, काळ्या मसाल्याचा, जवसाच्या तेलातला रस्सा होत असे, तो माग थंडावू लागल्यावर विक्रीला आला. गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ या भागांतल्या घरांच्या पुढच्या खोल्यांत दोन बाके पडली. सुरुवातीचे गिऱ्हाईक कोण, तर गिरणीकामगार, हमाल, बाजारात आलेले शेतकरी. पदार्थ गरम, तिखट, स्निग्ध आणि पोटभरीचा. टोकियोच्या हातगाडीचे वर्णन इथे जवळजवळ शब्दशः लागू पडते. त्यामुळे तर्रीची आठवण ही जिभेची चूक नव्हती. दोन्ही वाडग्यांवरचा तेलाचा थर एकाच गरजेतून आला आहे. दमलेल्या माणसाला थोड्या मांसात, थोड्या पैशात भरपूर चव द्यायची असते, आणि तेल ती चव धरून ठेवते. भुरका मारण्याची मुभाही दोन्हीकडे सारखीच. पांढरपेशा पंगतीत भुरक्याला असभ्य मानणारे आपण, जपानी माणूस रामेन ओरपतो तेव्हा मात्र त्याला संस्कृती म्हणतो.

गव्हाचा प्रश्न अजून राहिला आहे. १९४५च्या पराभवानंतर जपानमध्ये अन्नाची भीषण टंचाई होती. तांदूळ नव्हता, होते ते अमेरिकेतून आलेले पीठ. चीन आणि मांचुरियातून परतलेल्या लोकांनी आणि जपानमधल्या चिनी व कोरियन रहिवाशांनी काळ्या बाजारात त्या पिठाच्या शेवया विकून पोट भरले. जॉर्ज सोल्ट या इतिहासकाराने २०१४च्या आपल्या ग्रंथात अमेरिकी गहू आणि रामेनचा प्रसार यांचे नाते तपशिलाने दाखवले आहे. १९५४मध्ये अमेरिकेने अतिरिक्त धान्य मित्रदेशांना देण्याचा कायदा केला, तो पी. एल. ४८० या नावाने आपल्यालाही ठाऊक आहे. जपानमध्ये १९५६पासून फिरत्या स्वयंपाकगाड्या गावोगाव जाऊन गव्हाचे पदार्थ शिकवू लागल्या. त्याच १९५६मध्ये भारतानेही या कायद्याखाली पहिला करार केला. रेशनच्या दुकानात परदेशी गव्हासाठी लागलेल्या रांगा आणि पुढे १९७२च्या दुष्काळातली लाल मिलो व सुकडी ही महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीची आठवण आहे. त्यांच्यासाठी आणि तिकडच्या जपानी मजुरासाठी धान्य एकाच कोठारातून निघाले होते. त्यांच्याकडे त्याचा राष्ट्रीय पदार्थ झाला. आपल्याकडे त्याची आठवण ‘जनावरांचे खाद्य’ अशी कडवटपणे उरली.

ओसाकात अशाच एका रामेनच्या गाडीपुढची थंडीतली रांग पाहून मोमोफुकु आंदो यांच्या मनात झटपट शेवयांची कल्पना रुजली, असे ते सांगत. हे गृहस्थ १९१०मध्ये, म्हणजे राइराइकेन निघाले त्याच वर्षी, जपानच्या ताब्यातल्या तैवानात जन्मलेले. २५ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांच्या कंपनीने तळून वाळवलेल्या शेवयांचे पाकीट बाजारात आणले. किंमत ३५ येन. ताज्या उदोन शेवयांचा गोळा तेव्हा ६ येनला मिळे. गरिबांचे म्हणून ओळखले जाणारे हे पाकीट आरंभी चैनीचे होते. भारतात १९८३मध्ये मॅगी आणि १९९१मध्ये टॉप रामेन आले, तेव्हा आपल्या घरांत रामेनचा प्रवेश झाला तो शाळेच्या डब्यातून. मूळ पदार्थ त्यानंतर तीस वर्षांनी आला. आधी भाषांतर वाचावे आणि मग मूळ कृती हाती यावी, तसा.

आणि मग तो भिंतीवरच्या चित्रांसह आला. याचीही एक परंपरा आहे. १९८५मध्ये जूझो इतामी यांचा ‘ताम्पोपो’ हा चित्रपट आला. रामेनचा वाडगा कसा न्याहाळावा, कुठल्या क्रमाने खावा, याचा जवळजवळ विधी त्यात थट्टेने आणि प्रेमाने दाखवला आहे. १९९४मध्ये शिन-योकोहामा येथे रामेनचे संग्रहालय उघडले. तिथे तळघरात १९५८ सालची टोकियोतली गल्ली उभी केली आहे: जुन्या पाट्या, चित्रपटांची भित्तिपत्रके, कायमची संध्याकाळ, आणि त्या गल्लीत बसून रामेन खायचे. कलात्मक सजावटीच्या रामेनगृहांचे हे आदिरूप म्हणता येईल. या गल्लीत १९५८चा काळ आहे, पण १९४६चा काळा बाजार नाही. हुरहूर आहे, उपासमार नाही. वर्ष निवडतानाच इतिहासाची गाळणी लागली. आमच्या खापरीकडच्या रामेनगृहाने तर आणखी मागे जाऊन एदो काळ निवडला, म्हणजे चिनी आचारी, गिरण्या, युद्ध, अमेरिकी पीठ हे सारेच वगळले गेले.

मराठी वाचकाला ही गाळणी ओळखीची आहे. १९१०मध्येच लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक आले. सुशिक्षित मध्यमवर्गीय गृहिणीसाठी लिहिलेल्या अशा पुस्तकांतून ‘महाराष्ट्रीय स्वयंपाका’चे छापील रूप घडत गेले. त्या छापील रूपात कुणाचे चुलाणे आले नाही, हे सांगायला शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली यावे लागले. शीर्षकातल्या एका ‘अ’ने त्यांनी सबंध परंपरेला प्रश्न विचारला. सावजी रस्सा आता या गाळणीच्या तोंडाशी उभा आहे. तो शहराची ओळख झाला आहे, पाकिटबंद मसाला झाला आहे, आणि आता त्याची भिंत रंगवायची वेळ आली आहे.

हे घडते आहे मिहानमध्ये, हे मला विशेष वाटते. मिहान हे इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले नाव. अनेक वाहतूकमार्गांनी माल यावा, इथे उतरावा, दुसऱ्या वाहनात चढावा आणि पुढे जावा, अशी त्यामागची कल्पना. नागपूरला ती नवी नाही. जानेवारी १९४९मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. रामेनचा वाडगाही असाच आहे. चिनी पद्धत, अमेरिकी पीठ, तैवानात जन्मलेला कारखानदार, आणि ज्यांच्या बळावर हे गिऱ्हाईक तयार झाले त्या गिरण्यांतला आमचा ऊमरा कापूस. त्याला मूळगाव नाही; आहेत ती मालाची चढउतार केलेली ठाणी. अस्सल रामेन कोणते, हा प्रश्न म्हणून निरर्थक ठरतो. चढउतार करणारी माणसे कोण होती, हा प्रश्न उरतो.

मिहानची जमीन ही कुणाची तरी होती. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी, चिंचभुवन ही नावे आज भूसंपादनाच्या कागदांत, पुनर्वसनाच्या अर्जांत आणि मेट्रोच्या स्थानकावर दिसतात. २०१९पासून मेट्रो खापरीपर्यंत धावते. डिसेंबर २०२२मध्ये एम्सचे रीतसर उद्घाटन झाले. विमानांची दुरुस्ती होते, संगणकांवर परदेशांची कामे होतात. ज्वारी, तूर आणि कापूस पिकवणाऱ्या त्या गावांची न्याहारी काय होती, दुपारची शिदोरी काय होती, हे या परिसरातल्या कुठल्याही भिंतीवर मला दिसले नाही. आपण दूरदेशीचा इतिहास चितारतो, कारण त्याचे देणे आपल्याला लागत नाही. जवळच्या इतिहासाचे देणेकरी दारात उभे असतात.

तेव्हा धोट्याविषयी. मी विद्यार्थिनीला नंतर पत्र लिहावे तसा लांबलचक संदेश पाठवला. धोटा भिंतीवर लावण्याला माझा विरोध नाही, असे लिहिले. रविवर्म्याची चित्रे आणि होकुसाईची लाट खाणावळीत शोभते, तर आजोबांचा धोटाही शोभेल. मात्र तो नुसता शोभेला असू नये. त्याच्याखाली चार ओळी असाव्यात: हा धोटा कुणाच्या हातात होता, त्यातून काय विणले जाई, दिवसाला किती मजुरी पडे आणि तो कोणत्या वर्षी का थांबला. धोटा बोलका करायचा असेल तर द्या, मुका ठेवायचा असेल तर देव्हाऱ्याखालीच बरा, असा माझा निष्कर्ष होता आणि तो लिहिल्यावर मला बरे वाटले, हे कबूल करतो.

आठवड्याने तिचा फोन आला. तिने माझा संदेश आजीला वाचून दाखवला होता. आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “या तुमच्या सरांना कोणी सांगितलं, की खानावळ धोट्यावर चालली? धोटा थांबला म्हणून तर खानावळ निघाली. मसाला मी वाटला. टांगायचाच असंल तर माझा वरवंटा न्या म्हणा.”

मी निरुत्तर झालो. चिनी आचारी, ओसाकाच्या मुली, वऱ्हाडचे शेतकरी या साऱ्यांना भिंतीवर जागा मागता मागता, जिच्या हातचे त्या घराने खाल्ले तिला मीही धोट्यामागे झाकले होते. चुलतभावाने अजून काही ठरवलेले नाही. वरवंटा जड आहे आणि भिंतीला खिळा कसा लावायचा, असा सजावटकाराचा प्रश्न आहे.